कोठे उतरलात?

परगावचा माणूस वाटेत भेटला की आपण मराठी माणसे त्याला दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "केव्हा आलात?" आणि दुसरा, "कोठे उतरलात?" पहिल्या प्रश्नाच्या उत्तराकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्याच्या उत्तराकडे मात्र कान टवकारलेले असतात. पाहुणा मेहुण्याकडे उतरला आहे, ज्ञातीच्या धर्मशाळेत उतरला आहे की हॉटेलात, एवढे कळले की त्याची नातीगोती, त्याची ऐपत आणि जुन्या काळी तर त्याची जातही न विचारता कळत असे. दोन शब्दांच्या ह्या प्रश्नाच्या पोटी केवढा तरी इतिहास दडला आहे. दिवाळीच्या निमित्ताने त्यातला थोडा आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

हा विषय मला सुचावा याचे कारण माझे गाव. मी राहतो कळंबोलीस. पनवेल तालुक्यातले हे एक जुने गाव. भातखाचरे आणि मिठागरे ही त्याची मूळची ओळख. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भोवतालच्या गावांसह कळंबोलीची जमीन नव्या मुंबईच्या आखणीत गेली आणि खाचरांच्या जागी सेक्टर, वखारी आणि लोखंड-पोलादाचा बाजार उभा राहिला. आज शीव-पनवेल महामार्ग, मुंब्य्राचा रस्ता, न्हावा-शेव्याच्या बंदराचा रस्ता आणि पुण्याचा द्रुतगती महामार्ग असे सारे येथे एकमेकांस भेटतात. रात्री गॅलरीत उभे राहिले तर मालमोटारींच्या दिव्यांची रांग तुटत नाही. हजारो माणसे येथून जातात आणि त्यांतल्या प्रत्येकाला रात्री कोठे तरी पाठ टेकावयाची असते. अशा नाक्यावर राहणाऱ्या माणसाला उतारूंच्या इतिहासाचे कुतूहल वाटले तर नवल नाही.

आपल्या प्रांतातील उतारूंच्या सोयीचा एक अगदी जुना लेखी पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, ज्याला आपण ऋषभदत्त म्हणतो, त्याच्या दानधर्माची यादी कोरलेली आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, ह्या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधून दिली. विहिरी, तळी, बागा केल्या. आणि तापी, दमण, डहाणू अशा नद्या-खाड्यांवर फुकट होड्या ठेवल्या. ज्या सोपाऱ्यास आज आपण लोकलगाडीने लोंबकळत जातो, तेथे अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी व्यापाऱ्याला नि यात्रेकरूला फुकट उतरण्याची सोय होती! अमक्याने उतरावे, तमक्याने उतरू नये अशी अट त्या ओळींत घातलेली नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमच्या पनवेलकडेही उतारूंची परंपरा जुनी आहे. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस पडावात बसून भरतीच्या बेताने पनवेल बंदरास येई आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. खोपोलीस नाना फडणविसांनी देऊळ आणि प्रशस्त तलाव बांधला तो ह्याच वाटेवर; घाट चढण्यापूर्वी माणसांनी आणि बैलांनी तेथे दम खावा. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत घाटातला गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढू लागली आणि पनवेलचा उतारू ओसरला. तो परत आला तो मोटारीच्या युगात.

परंतु वाटेवरच्या धर्मशाळेत एक रात्र काढणे निराळे आणि एकाच दारी पिढ्यान्‌पिढ्या उतरणे निराळे. ह्या दुसऱ्या प्रकाराचा खरा उगम आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणी सापडतो. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या वडील माणसांना तो अनुभव असेल. स्टँडवर उतरताच विचारणा होते, "गाव कोणते? आडनाव काय?" ते सांगितले की त्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळते. मग उपाध्यांच्या वाड्यात लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही निघते. तीत आपल्या आज्याने, पणज्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले असते की आम्ही अमुक साली यात्रेस आलो, बरोबर अमुक माणसे होती, आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने ह्यांच्याकडेच उतरावे. वही मिटली की पाहुणा त्या घरचा झाला. राहण्यास ओसरी, आंघोळीस पाणी, जेवणाची व्यवस्था, धर्मकृत्यांची तजवीज, सारे एका दारी. गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाऊ नये म्हणून केलेली ह्याहून पक्की व्यवस्था मला तरी ठाऊक नाही. पंढरपुरास दिंड्यांची आणि फडांची उतरण्याची ठिकाणे ठरलेली असतात, त्यांतही हेच तत्त्व आहे. माणूस जेथे उतरतो ते घर त्याने निवडलेले नसते. ते त्याच्या जन्माबरोबर आलेले असते.

मुंबई वाढू लागली तेव्हा हीच रीत बोटीत नि आगगाडीत बसून मुंबईस आली. व्यापारी ज्ञातींनी भुलेश्वर-गिरगावाकडे आपापल्या धर्मशाळा आणि वाड्या बांधल्या. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत आपले 'कुड्ड' काढले. कुड्ड म्हणजे एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली जागा. बोटीवर नोकरी करणारा खलाशी फेरी संपली की तेथे येई, पुढची बोट मिळेपर्यंत राही आणि समुद्रावर गेला की त्याची पेटी मात्र भिंतीशी तशीच राहून त्याची वाट पाही. संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करावयाची, गावच्या पाद्रव संताचा सण साजरा करावयाचा, हा तेथला दंडक. ह्यांपैकी काही कुड्ड अजूनही आहेत.

आमच्या कोकणी बांधवांची गोष्ट ह्याच जातीची. लालबाग-परळच्या चाळींत 'गावची खोली' असे. भाडे सगळ्यांच्या वर्गणीतून. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, त्यामुळे दहा-बारा हातांच्या त्या खोलीत पथाऱ्याही पाळीने पडत. एक उठून कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. गावाहून नवा पोरगा आला की वळकटी घेऊन सरळ खोलीवर जाई. त्याच्या खिशात दिडकी नसली तरी त्याला कोणी दारातून परत पाठवीत नसे, कारण तो गावचा होता. नोकरी लागेपर्यंत त्याची वर्गणी इतर देत. मुंबईची गिरणगावे ज्या हातांनी चालविली ते हात अशा खोल्यांत विसावले आहेत.

जेवणाची सोय खानावळीत असे, आणि येथे मला आपल्या लोकांच्या व्यवहारचातुर्याची एक गोष्ट सांगावयाची आहे. खानावळीचा हिशेब महिन्याचा असे. पण एखादा दिवस जेवावयास यावयाचे नसले तर आगाऊ सांगावयाचे. मग वहीत त्या दिवशी 'खाडा' मांडला जाई आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा होत. खाड्याचा दर ठरलेला. तो एकदा मांडला की बाईंना बदलता येत नसे आणि मेंबरला नाकारता येत नसे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीपणाबद्दल मिळणारी ही सवलत किती सरळ होती पाहा!

ह्या घरगुती व्यवस्थेशेजारी साहेबी थाटाचे हॉटेल मुंबईत येऊन उभे राहिले होते. काळ्या घोड्याजवळचे वॉट्सन हॉटेल हे त्यांतले मोठे नाव. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत तयार करून बोटीने आणला आणि १८६० ते ७० च्या दशकात येथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती येथेच. ह्या हॉटेलाने जमशेटजी टाटांना आत येऊ दिले नाही आणि त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला भक्कम पुरावा नाही; परंतु ती लोकांना खरी वाटली, कारण दारावर माणसे परतविली जात हे सर्वांना माहीत होते. ताज उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी, अवघ्या १७ पाहुण्यांनिशी. त्याचा आराखडा आखणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी गृहस्थ होते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

ताज राजेरजवाड्यांचे. मराठी मध्यमवर्गाचे आणि पुढाऱ्यांचे उतरण्याचे ठिकाण क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईस आले की सरदारगृहातच उतरत. पुण्याहून मुंबईस येणाऱ्या कार्यकर्त्याला पत्ता विचारावा लागत नसे; लोकमान्य मुंबईत आहेत एवढे कळले की तो सरदारगृहाच्या पायऱ्या चढे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तो त्याच वास्तूत, आणि त्या दिवशी भर पावसात लाखोंचा समुदाय त्या दाराशी लोटला. एका हॉटेलशी एका पाहुण्याचे नाते असे जडले की आज त्या इमारतीची ओळखच त्या पाहुण्यावरून सांगतात. गांधीजींचेही तसेच. १९१७ पासून १९३४ पर्यंत मुंबईत त्यांचा मुक्काम गावदेवीच्या मणिभवनात, रेवाशंकर झवेरींच्या घरी असे.

येथवरचे वाचून कोणास वाटेल की काय तो जुना काळ, काय तो जिव्हाळा! तो खराच होता. पण ज्या दाराने आतल्याला मायेने घेतले त्याच दाराने बाहेरच्याला काय केले, हे पाहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

त्याच १९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क-लंडनचे शिक्षण घेऊन परतले आणि करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू होण्यास बडोद्यास गेले. उतरावयाचे कोठे, हाच पहिला प्रश्न. हिंदूंच्या हॉटेलात अस्पृश्याला जागा नाही. अखेर एका पारशी विश्रामधामात, पारशी नाव लावण्याच्या अटीवर, त्यांना वरच्या मजल्यावर जागा मिळाली. दिवसा कचेरी आणि रात्री त्या ओसाड, अंधाऱ्या मजल्यावर एकट्याने काढावयाच्या. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. जागा विटाळली म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. बडोद्यातले स्नेहीही त्यांना आपल्या घरी ठेवून घेऊ शकले नाहीत. संध्याकाळी बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. सरकारी हुद्दा होता, परदेशची विद्या होती, खिशात भाड्याचे पैसे होते. नव्हते ते फक्त कोणाच्या वहीत नाव. पुढे स्वतः बाबासाहेबांनीच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. तो वाचल्यावर गावची खोली, ज्ञातीची धर्मशाळा आणि उपाध्यांची लाल वही ह्यांच्याकडे केवळ हळहळून पाहणे मला तरी जमत नाही.

हे ओळखणारे आणखी एक माणूस त्या काळी महाराष्ट्रात हातात खराटा घेऊन हिंडत होते. गाडगे महाराजांचा भर देवळांवर नव्हता. त्यांनी बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, आणि मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी. पंढरीस ज्यांना कोणी ओसरीवर घेत नसे त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दुसऱ्याच वर्षी, २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात स्पष्ट शब्दांत हॉटेलांचा उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणासही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे मज्जाव करता येणार नाही. बागेत बसून गाडीची वाट पाहिलेला माणूसच त्या घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता. उषवदाताच्या विश्रामगृहाला अट नव्हती. ती अट मध्यंतरी आली, आणि कायद्याने ती काढावयास विसावे शतक अर्धे सरावे लागले.

आता आजच्या काळाकडे येऊ. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमान कंपनीने एक नवी टूम काढली. जो प्रवासी आपल्याच विमानाने वारंवार जाईल त्याच्या खात्यात मैल जमा करावयाचे आणि पुरेसे साठले की त्याला फुकट तिकीट द्यावयाचे. दोन वर्षांनी, १९८३ साली, हॉलिडे इन आणि मॅरियट ह्या हॉटेल कंपन्यांनी हीच युक्ती उचलली. १९८७ साली हिल्टनने. तिकडे ही कार्डे निघत होती तेव्हा इकडे गिरणी कामगारांचा १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला संप चिघळत होता आणि गावच्या खोल्या रिकाम्या होत होत्या, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. २०१६ साली मॅरियटने स्टारवुड ही दुसरी मोठी कंपनी विकत घेतली आणि २०१९ मध्ये सगळ्यांची मिळून 'बॉनव्हॉय' नावाची एकच योजना केली. आपल्याकडे ताजची 'इनरसर्कल' आणि आयटीसीची 'क्लब आयटीसी' ह्या तशाच योजना. कार्डाच्या चांदी, सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या. जितक्या अधिक रात्री तितकी वरची पायरी. वरच्या पायरीला न्याहारी फुकट, खोली मोठी, आणि निघण्याच्या दिवशी दुपारी उशिरापर्यंत मुक्काम.

माझा एक भाचा सिंगापुरास नोकरीस आहे. मागे त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, कामासाठी चार रात्री मुंबईत आहे. माझ्याकडे दोन कंपन्यांची कार्डं आहेत. एकीचं हॉटेल सहारला आणि वाशीला, दुसरीचं सांताक्रूझला. काम वांद्र्याला नि तळोज्याला. कुठं उतरू?"

मी म्हटले, "कळंबोलीला उतर!"

"ते आहेच हो मामा. पण बिल कंपनी देणार आणि पॉइंट मला मिळणार. ते कशाला सोडू?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ह्या योजनांची खरी मेख हीच आहे की पैसे देणारा एक आणि बक्षीस घेणारा दुसरा. म्हणून साहेब लोक स्वस्त हॉटेल शोधीत नाहीत, कार्डाचे हॉटेल शोधतात. मी त्याला इतिहासाच्या आधाराने जो सल्ला दिला तो येथे देतो. परदेशातून दिवाळीस येणाऱ्या मंडळींच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पाटी आणि वास्तू ह्या दोन निरनिराळ्या चिजा आहेत. ह्या मोठ्या कंपन्यांची पुष्कळ हॉटेले त्यांच्या मालकीची नसतात. इमारत एकाची, नाव दुसऱ्याचे. नरिमन पॉइंटवरचे उंच हॉटेल १९७३ साली ओबेरॉय-शेरेटन म्हणून उघडले, २००४ साली त्यावर हिल्टन टॉवर्स अशी पाटी लागली आणि २००८ साली ते ट्रायडंट झाले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात २०१२ च्या अखेरीस शांग्री-ला उघडले. २०१३ मध्ये त्याचे पॅलेडियम हॉटेल झाले आणि २०१५ मध्ये सेंट रेजिस. खिडक्या त्याच, समुद्र तोच. पण कार्ड निकामी! ज्या आवारातून एके काळी पाळी सुटलेले कामगार बाहेर पडून गावच्या खोलीकडे वळत, तेथेच हा पाट्यांचा खेळ झाला, हेही नमूद करण्यासारखे आहे. तेव्हा आपली निष्ठा पाटीशी आहे की घराशी, हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट, पॉइंट म्हणजे खाडा नव्हे. खाड्याचा दर खानावळवालीला बदलता येत नसे. पॉइंटचा दर मात्र कंपनीच्या हाती असतो. आज जितक्या पॉइंटांत एक रात्र मिळते तितक्यात ती पुढल्या वर्षी मिळेलच असे नाही आणि काही काळ खाते हलले नाही तर साठलेले पॉइंट बुडतातही. फुकट रात्र म्हणून जी मिळते तिचे पैसे आधीच्या रात्रींच्या बिलांतून जमा झालेले असतात. म्हणून पॉइंट साठवून कुलपात ठेवू नयेत. मिळाले तसे खर्चावे.

तिसरी गोष्ट मुंबईच्या अंगाची. हे शहर लांबट आहे. कुलाब्यापासून सहारपर्यंत आणि तेथून खाडी ओलांडून वाशी-बेलापुरापर्यंत पसरलेल्या नगरात सोन्याचे कार्ड आहे म्हणून भलत्या टोकाला उतरणाऱ्याचे अर्धे आयुष्य रस्त्यावर जाते. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत झाला, नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेव्हा पूर्वी आडबाजूचे वाटणारे आमचे टोकही आता वाटेवरचे झाले आहे. आधी काम कोठे ते पाहावे, मग उतरावयाचे ठिकाण, आणि कार्ड सर्वांत शेवटी.

भाच्याने दोन रात्री सांताक्रूझला काढल्या, दोन वाशीला, आणि रविवारी जेवावयास कळंबोलीस आला.

पण कार्डाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. कार्ड जात विचारीत नाही. आडनाव वाचून कोणता मजला द्यावयाचा ते ठरवीत नाही. पैसे आणि रात्री, ह्यांखेरीज त्याला काही दिसत नाही. बडोद्याची ती संध्याकाळ आठवली म्हणजे हा आंधळेपणा मला फार मोठा गुण वाटतो. तो गरिबाच्या कामाचा नाही, हे मात्र खरे. आणि महामार्गावरच्या साध्या लॉजांत आजही "लोकल आधार कार्ड चालणार नाही" असे सांगून दाराशी आलेल्याला परत पाठविताना मी पाहिले आहे. दार अडविण्याची खोड गेलेली नाही. कारणे तेवढी बदलली.

आमच्या कळंबोलीतल्या ट्रकचालकालाही कार्ड असते बरे! तेल कंपन्यांनी ताफ्याच्या मालकांसाठी अशी कार्डे काढली आहेत. डिझेल भरले की गुण जमा होतात. खाते मात्र गाडीमालकाचे. साहेबाच्या बाबतीत बिल कंपनीचे आणि गुण साहेबाचे. ड्रायव्हरच्या बाबतीत चाकावर रात्र ह्याची आणि गुण मालकाचे. तो बिचारा केबिनमध्ये चादर अंथरून झोपतो. त्याची निष्ठा ठरलेल्या ढाब्याशी. जेवण घेतले की खाट फुकट, आंघोळीला पाणी फुकट, आणि पहाटे चार वाजता हाक मारून उठविणारा माणूस. पंजाबातून आलेला सरदारजी, बिहारी क्लीनर आणि आमचा माणदेशी ड्रायव्हर शेजारशेजारच्या खाटांवर निजलेले पाहिले म्हणजे वाटते, उषवदाताच्या चौसोपी घरात ह्याहून वेगळे काय असेल?

घराची पाहुण्यावरची निष्ठा मोजण्याची वेळ मुंबईवर एकदा फार भयंकर रीतीने आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट येथे अतिरेकी घुसले. ताजमधील वाढपी, आचारी, टेलिफोनवरच्या मुली ह्यांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. मनात आणले असते तर त्या आधी निघून जाऊ शकल्या असत्या. पण पुष्कळ नोकर मागे राहिले, पाहुण्यांना अंधारातून वाट दाखवीत राहिले आणि काहींनी त्यात प्राण दिले. त्या वेळी कोणत्या पाहुण्याचे कार्ड कोणत्या धातूचे आहे हे कोणी विचारले नाही.

उतरण्याच्या जागांचा हा इतिहास मी मनाशी चाळतो तेव्हा शेवटी माझी नजर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेवर स्थिरावते. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यास आलेले गोरगरीब रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे उतरतात. आमच्या शेजारी खारघरलाही टाटा रुग्णालयाचे मोठे केंद्र आहे. त्यामुळे विदर्भातून, मराठवाड्यातून, दूर बंगाल-आसामातून आलेली अशी कुटुंबे हातात फायली घेऊन आमच्या नाक्यावर उतरताना दिसतात. प्रत्येक हॉटेल आपल्या पाहुण्याला निरोप देताना म्हणते, "पुन्हा या." धर्मशाळेतून बरा होऊन निघालेल्या रुग्णाला मात्र सगळे मनापासून म्हणतात, "आता पुन्हा यावे लागू नये."

तेव्हा ह्या दिवाळीत कळंबोलीच्या नाक्यावर अशी फाईल हातात घेतलेला कोणी दिसला तर "कोठे उतरलात?" एवढे विचारून थांबू नये. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर धर्मशाळेचा पत्ता आपणच सांगावा.